वकीलसाहेबांचा राहिलेला हार

जीप चालवणाऱ्याच्या डोक्यात किस्से धुळीसारखे साचतात. झटकले तरी पुढच्या फेरीला तेवढेच! मी सातवीत शाळा सोडली, चारचौघांत बोलायला लाजतो. पण स्टिअरिंगमागे कान मोकळेच असतात. गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि मी ज्यांची जीप चालवायचो ते आमचे वकीलसाहेब खासदारकीला उभे होते, तेव्हाचे हे.

कोर्टात आधी समोरच्याची बाजू स्वतःच मांडायची आणि मग ती खोडायची, ही साहेबांची पद्धत. नागभीडच्या सभेतही त्यांनी विरोधी उमेदवाराची बाजू मांडली. इतकी झकास, की टाळ्या पडल्या! आता खोडणार, तेवढ्यात लाइट गेली. माइक बंद, सभा खलास. जाताना एक म्हातारा मला म्हणाला, "तुमचा माणूस बेस बोलते गा. मत त्या दुसऱ्यालेच देतो."

एका गावात एका बाईने हातपंप बंद असल्याचं सांगितलं. साहेबांनी सवयीने विचारलं, "साक्षीदार?" बाईने रिकामी घागर त्यांच्यापुढे उपडी केली.

तरी साहेब निवडून आले. हारांचा ढीग पडला. फक्त सावली गावाजवळच्या माझ्या मामाच्या खेड्यातली माणसं जीपजवळ तोंड पाडून उभी. त्यांच्या तळ्यावर एका ठेकेदाराने हक्क सांगितला होता. तळं गेलं की मासेमारी बंद. ती केस साहेबच लढत होते.

साहेबांनी विचारलं, तेव्हा त्यांच्यातले बुधाभाऊ पुढे झाले. "खोटं नाई बोलत, साहेब. साऱ्या गावानं तुमच्या विरोधात मत टाकलं."

"काऊन गा?" साहेबांनी कारण विचारलं.

"तुमी दिल्लीले गेले, तं आमची केस कोन लढन? पडले असते तं इथीच राह्यले असते."

साहेबांनी गळ्यातले हार उतरवून ठेवले. मग म्हणाले, "तारीख कधी आहे?"

त्या तारखेला मी त्यांना चंद्रपूर स्टेशनवरून आणलं. काळा कोट त्यांनी जीपमध्येच चढवला. कोर्टात आधी त्यांनी ठेकेदाराची बाजू अशी मांडली, की बुधाभाऊ मटकन खाली बसले. मी वरच्या दिव्याकडे बघितलं.

या वेळी लाइट गेली नाही!

पुढच्या तारखेला निकाल लागला. तळं गावाचंच राहिलं. किती दिवसांनी मला मोकळं वाटलं. बाहेर येताच बुधाभाऊंनी साहेबांच्या गळ्यात झेंडूचा भलामोठा हार घातला.

साहेब हसले. "केस जिंकल्याचा?"

"नाई जी, हा इलेक्शनचा. केसचे झिंगे जीपमंदी ठेवले हायेत."