काळजी करणाऱ्या पोराला मी खिलवलेली जिलेबी

शाळा मी पाचवीत सोडली. खरं तर शाळेनंच मला सोडलं, मी नुसती मान डोलावली. तेव्हा इथं परदेशात, सँडरिंगहॅममधल्या मिठाईच्या दुकानात जिलेब्या तळणाऱ्या माणसाला स्पॅनिश कुठून येणार? पण लेक शाळेत स्पॅनिश शिकते आणि तिला आणायला गाडी घेऊन मीच जातो. महिनाभर गाडीत तिचं एकच स्पॅनिश गाणं. कुणी तरी पोरगी गाते, खाली ठेका झकास. मी सिग्नलला खांदे नाचवायचो. शेजारच्या गाडीतल्या गोऱ्या आजीनं एकदा काच वर केली.

"पप्पा, स्टॉप. इट्स नॉट अ डान्स साँग."

"मग काय, आरती आहे?"

लेक हसली नाही. एकेक ओळ थांबवून तिनं अर्थ सांगितला. गाण्यातली पोरगी म्हणते, आधी तो विचारायचा कुठंयस, मला वाटलं काळजी करतो. मग विचारायचा कुणाबरोबर. मग हात इतका घट्ट धरला की खुणा उठल्या. आणि घरच्यांना तो फार आवडायचा.

सिग्नल हिरवा झाला, मी तसाच. इथं कुणी हॉर्न वाजवत नाही. तिघांनी वाजवला.

तिचा एक मित्र होता, आपल्यातलाच, युनिव्हर्सिटीत पहिल्या वर्षाला. भेटला की वाकून नमस्कार. मी लगेच गरम जिलेबी पुढं करायचो. तो दुकानात फोन करायचा, "काका, ती फोन उचलत नाही. कुठंय?" मी सांगून टाकायचो. लायब्ररीत. मैत्रिणीकडं. पोहायला. बायको म्हणायची, "हा काळजी करतो का पाळत ठेवतो?" मी तिलाच हसायचो. आणि भर उन्हाळ्यात लेक लांब बाह्या घालायला लागली, तेव्हा "बर्फात निघालीस का?" हा विनोदही माझाच.

गाडी बाजूला घेतली. "हात दाखव."

तिनं बाही वर केली. मनगटावर चार बोटं, पिवळी पडत चाललेली.

"ही ऑलवेज न्यू व्हेअर आय वॉज," ती म्हणाली. "आय डोन्ट नो हाउ."

"मी सांगायचो गं."

"यू?"

मी मान डोलावली. बाही खाली ओढत ती म्हणाली, उद्या शाळा सुटल्यावर काउन्सेलरबाईंना सगळं सांगणार. "यू कम टू. अँड टेल युअर पार्ट."

दुसऱ्या दिवशी दुपारी घाणा कढईत, हात पिठानं बरबटलेले, आणि फोन. कोपरानं स्पीकर दाबला.

"काका, कालपासून बोलत नाही ती. कुठंय? काळजी वाटते हो."

"मलाही वाटते. म्हणूनच सांगणार नाही. आज नाही, कधीच नाही. तिचं मनगट पाहिलंय मी. इथं परत फोन करायचा नाही."

"काका, तुमचा गैरसमज..."

"होता. काल गेला."

घाणा करपला. मालक ओरडले, मी म्हटलं, आल्यावर शिव्या खातो, आता शाळेत जायचंय.

तसाच गेलो. पायात जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, आणि कोपरापर्यंत पीठ. एरवी मी शाळेच्या फाटकाबाहेर गाडीतच थांबतो, पण लेक पुढं चालत होती. आत ती बोलली, सगळं, न रडता. बाई लिहून घेत होत्या.

तिचं झालं, तसा मी हात वर केला. शाळेत स्वतःहून हात वर करायची माझी पहिलीच वेळ.

"मॅडम," म्हटलं, "फोन मी उचलायचो."