आईसाठी चाखलेलं खरबूज

आजारपणानंतर आईच्या तोंडाची चव गेली, वासही कळेनासा झाला. त्या उन्हाळ्यात सारंगखेड्याला माहेरी जाताना मी बाजारातून दोन खरबुजं घेतली. एक जाळीदार सालीचं होतं, दुसरं गुळगुळीत, हिरव्या पट्ट्यांचं. आम्ही लहान असताना तापीच्या वाळूतलं खरबूज आई नुसत्या वासावर ओळखायची.

दुपारी मी दोन्ही चिरली आणि तिच्या हातात जाळीदार खरबुजाची एक फोड दिली. तिनं ती थोडीशी खाऊन ताटलीत ठेवली.

"माले चवच लागत नही," ती म्हणाली. "तू खाय आनि सांग."

मग मी खाऊन सांगू लागले. जाळीदार खरबूज साखरेसारखं गोड होतं, पण गर कडक आणि वास जेमतेम.

"हाई वावरनं शे," ती लगेच म्हणाली. म्हणजे शेतातलं.

पट्ट्यांचं मऊ आणि रवाळ निघालं. त्याचा वास घरभर पसरला होता, पण तिला तो येत नव्हता. मी तो जमेल तसा सांगितला. रस कोपरापर्यंत ओघळला, तेही सांगितलं.

आईनं डोळे मिटले. "हाई नदीनं शे," ती म्हणाली आणि टाकलेली फोड बाजूला सारून तिनं या खरबुजाची मागून घेतली. ती तिनं सालीपर्यंत खाल्ली.