मला फक्त डावीकडे वळता यायचं

मी सायकल वाईट चालवायची. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी बढाया मारायला लागले की मी हे लपवलं असं कुणी म्हणायला नको. मला जमिनीवरून सायकलवर चढता येत नसे. ओटा, पायरी, मैलाचा दगड, काहीतरी उंच लागायचं. त्यावर डावा पाय टेकायचा, तोल सावरायचा आणि देवाचं नाव घेऊन सुटायचं. उतरायलाही तेच लागायचं. डावीकडे मी छान वळायची. उजवीकडे वळायचं झालं की खाली उतरून सायकल हाताने फिरवून घ्यायची. घंटी वाजवायची तर एका हाताची पकड सैल करावी लागते, ती मी कधी केली नाही. समोर माणूस दिसला की लांबूनच "ओ, सरका की!" म्हणून ओरडायची. एवढ्या भांडवलावर मी एक अख्खा उन्हाळा सोलापूरहून आठ मैलांवरच्या शाळेत सायकलने गेले. पुढे स्कूटरवर बसले, मोटारीत बसले, पण त्या सायकलवरचं सुख मला दुसऱ्या कुठल्या वाहनात मिळालं नाही.

मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. मी नुकतीच प्राथमिक शिक्षिका झाले होते. शाळा अक्कलकोट रस्त्यावर, फाट्यापासून जरा आत गेलेल्या एका खेड्यात होती. मुलं घरी कानडी बोलायची आणि शाळेत मराठी, पण घाई झाली की दोन्ही एकत्र करायची. घरी आम्ही दोघीच, मी आणि आई. आई कापडाच्या मिलमध्ये रिळाच्या खात्यात कामाला होती. सुताच्या लडी करायचं काम. धागा तुटला की ती तिकडे न बघता, शेजारणीशी बोलता बोलता चिमटीत गाठ मारायची, आणि ती गाठ पुढे हाताला लागत नसे. वडील गेल्यावर ती या कामाला लागली, त्याला वीस वर्षं होत आली होती. नवीन आलेल्या पोरींना मुकादम आधी आईशेजारी बसवायचा. घरात कधी बोलून दाखवलं नाही तिने, पण त्या खात्यावर तिचा जीव होता.

एरवी शाळा अकराला भरायची आणि एसटी मला वेळेवर पोचवायची. पण मार्चच्या मध्यापासून सकाळची शाळा सुरू व्हायची, सातला. पहिली एसटी फाट्यावर यायची साडेआठला. मुख्याध्यापक गुरुजी गावातच राहायचे, माणूस कडक. त्यांनी जानेवारीतच बजावलं, "बाई, सकाळच्या शाळेपुरती तरी गावात खोली घ्या. उशीर मी चालवून घेणार नाही."

हे घरी सांगितल्यावर आईने भाकरी थापता थापता निकाल देऊन टाकला. "एकटी लेक मी खेड्यात ठिवायची न्हाय. मी काम सोडते. येते तुज्यासंगं."

"आई, वीस वर्षांचं काम असं सोडतात का?"

"मग काय तुजी नोकरी सोडायची? शिकवलं कशाला तुला?"

तिने असं चटकन सोडायचं ठरवलं याचाच मला राग आला. त्या रागाच्या भरात मी म्हणून गेले, "मी सायकलने जाईन." मला सायकल येत नव्हती. घरात सायकल नव्हती. आमच्या अख्ख्या घराण्यात कुणी बाई सायकलवर बसली नव्हती. पण बोलून बसले होते, आणि मी बोललेलं मागे घेत नाही. हा माझा गुण आहे की दुर्गुण, ते माझ्या नवऱ्याला विचारा.

बदली होऊन चाललेल्या एका नर्सबाईंची जुनी लेडीज सायकल मिळाली. साडी अडकू नये म्हणून मागच्या चाकाला जाळी होती, तिचे निम्मे धागे तुटले होते. शिकायला गेले होम मैदानावर. गड्ड्याची जत्रा नुकतीच उठली होती. मैदान मोकळं होतं, पण पाळण्यांच्या आणि तंबूंच्या खांबांचे खड्डे तसेच राहिले होते. ते सगळे खड्डे मी एकेक करून पाहिले. मागून आई कॅरिअर धरून पळायची, कासोटा घट्ट खोचून. मी पडले की ती आधी सायकलचं चाक वाकलंय का बघायची, मग मला.

"तुला खड्डा दिसला की तू खड्ड्याकडंच का बघतीस?" ती विचारायची.

"चुकवायचा असतो म्हणून."

"मग त्याच्याकडं बघू नगं की!"

सल्ला बरोबर होता. मला तो आजतागायत जमलेला नाही.

मार्चमध्ये गुरुजींना सांगितलं, मी सायकलने येईन. त्यांनी आधी माझ्याकडे, मग सायकलकडे, मग कोपराला बांधलेल्या पट्टीकडे पाहिलं. म्हणाले, "एप्रिलमध्ये तपासणीचे साहेब येणार आहेत. तोपर्यंत बघू. त्या दिवशी प्रार्थनेला तुम्ही आवारात हजर असलात, तर मी खोलीचा विषय काढणार नाही. नसलात, तर दुसऱ्या दिवसापासून गावात राहायचं." मी हो म्हटलं. आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मग मी तपासणीपर्यंत मुकादमाला काई बोलत न्हाय."

म्हणजे आईचं काम राहतं की जातं, ते माझ्या सायकलवर ठरणार होतं. आणि माझी सायकल अशी!

तरी खरं सांगू? मला मजा यायची. पहाटे शहर मागे पडलं की रस्ता माझ्या एकटीचा असायचा. हवेत गारवा, दोन्ही बाजूंना ज्वारी काढून झालेली रानं. रस्त्यावरचा मैलाचा प्रत्येक दगड मी ओळखत होते, कारण दमले की मला तिथेच थांबता यायचं. समोरून ट्रक आला की जीव मुठीत धरून कडेच्या मातीत शिरायची. चढाला मी एकोणतीसचा पाढा म्हणायची, दर दहा पायंडलांना एक आकडा. एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी. दोनशे नव्वद होईपर्यंत चढ संपलेला असायचा. पुढे एका ओढ्याकडे लांब उतार होता. तिथे पाय नुसते ठेवायचे. पदर खोचलेला, वेणी पाठीवर आपटतेय, आणि मी, मिल कामगाराची मुलगी, सोलापूरची बाई, कुणाच्याही मदतीशिवाय वाऱ्यातून चाललेय! तिथे मी मोठ्याने हसायची. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने मला तसं पाहिलं आणि दुसऱ्या दिवसापासून मी दिसले की तो रानातूनच हात जोडायचा. वेडी समजला की देवी, कोण जाणे.

सायकलस्वार मला मागे टाकायचे. पाठीमागे दुधाचे कॅन बांधलेले गवळीसुद्धा टाकायचे. मी कुणालाही कधी मागे टाकलं नाही. पण रोज पावणेसातला मी शाळेच्या आवारात शिरायची, डावीकडे वळून ओट्याला सायकल लावायची, पाय टेकायची आणि राणीसारखी उतरायची. मुलं ओरडायची, "बाई बंद्रु!" बाई आल्या.

तपासणीचा दिवस आला. आमच्या घरात घड्याळ नव्हतं आणि कधी लागलंही नव्हतं. गल्लीच्या मागे एक मिल होती. आई जायची ती नव्हे, आईची गावाच्या दुसऱ्या टोकाला. या मागच्या मिलचा भोंगा पहाटे पाचला व्हायचा, त्यावर आमची चूल पेटायची, आणि साडेपाचच्या भोंग्याला मी बाहेर पडायची. तपासणीच्या काळजीने आम्हा दोघींना झोपच लागली नव्हती. भोंग्याची वाट न बघता उठलो, आंघोळी केल्या, भाकरी-चटणी बांधली. मी इस्त्रीची साडी नेसले. मग दोघी उंबऱ्यात बसून राहिलो.

"निघू का?"

"बस ग. पाचचा भोंगा न्हाय झाला अजून. अंधारात कुटं जातीस?"

मी बसले. सोलापूरच्या माणसाला भोंगा झाल्याशिवाय दिवस सुरू झाला असं वाटतच नाही. पूर्वेला उजळलं, तरी आम्ही आपल्या भोंग्याची वाट बघतोय! आई म्हणाली, "आज लवकर उजाडतंय." मीही मान डोलावली. मी, शाळेत सूर्य कधी उगवतो ते शिकवणारी बाई!

तेवढ्यात आईबरोबर मिलला जाणारी शेजारीण डबा घेऊन आली. "आगं, बसलाय काय दोगी? चल की, सा वाजून गेले!"

"भोंगा कुटं झाला?"

"त्यांची सुट्टी बदलली न्हवं का, वीज कापलीया म्हणून. आज बंद हाय मिल."

आईचा चेहरा उतरला. "मीच बसवून ठिवली ग तुला," एवढंच म्हणाली. मी सायकल पायरीला लावली आणि सुटले.

त्या दिवशी एकाही दगडापाशी मी थांबले नाही. पाढा तीनदा म्हटला, तिसऱ्यांदा चुकला. ओढ्याच्या उतारावर हसले नाही, उलट पायंडल मारले. एक बैलगाडी पुढे होती, तिला मी मागे टाकलं. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं वाहन. फाट्यावर गावाकडचा रस्ता उजव्या हाताला होता. रोज मी तिथे उतरून, सायकल हाताने पलीकडे नेऊन, मोरीच्या कठड्यावरून पुन्हा चढायची. आज तेवढा वेळ नव्हता. मी बसल्या बसल्या उजवीकडे वळले. कसं ते विचारू नका, पुन्हा तसं कधी जमलं नाही.

आवारात शिरले तेव्हा प्रार्थना चालू होती. मुलं रांगांत उभी, गुरुजी घड्याळाकडे बघतायत, शेजारी पांढऱ्या पँटमधले साहेब. मी पोचले होते! डावीकडे वळले, ओट्याकडे आले, आणि बघते तर ओट्याला चिकटून साहेबांची जीप उभी.

आता उतरणार कशी? मी पुढे गेले. डावीकडे वळले. आवाराला एक फेरी झाली. ओट्यापाशी जीप तशीच. दुसरी फेरी घेतली. साहेबांच्या मागून गेले, रांगांच्या मागून गेले. प्रार्थना संपली, प्रतिज्ञा सुरू झाली. प्रतिज्ञेच्या वेळी स्थिर उभं राहायचं असतं हे मीच मुलांना शिकवलं होतं, म्हणून मी मान तेवढी ताठ ठेवली आणि फिरत राहिले. सगळ्या मुलांच्या माना माझ्याबरोबर फिरत होत्या. चौथ्या फेरीला लिंबाचं झाड आलं. मी झाडाकडे बघितलं, आणि जिकडे बघते तिकडेच जाते हे तर तुम्हाला माहीतच आहे.

"बाई बिद्रु!" पहिलीची पोरं आनंदाने किंचाळली. बाई पडल्या.

मी उठले. पदर झटकला, साहेबांसमोर जाऊन नमस्कार केला. ते म्हणाले, "कुठून येता?"

"सोलापूरहून साहेब."

"आठ मैल? रोज? आणि तुम्हाला सायकलवरून उतरता येत नाही?"

"उतरता येत नाही साहेब. चालवता येते."

त्यांचं हसू थांबेना. गुरुजी गंभीर होते. मला म्हणाले, "काय बाई, अंगण वाकडं होतं का?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. घड्याळाप्रमाणे मी प्रार्थनेला आवारात होते, पण ते तसं धरतील की नाही? त्यांनी बाही खाली ओढून घड्याळ झाकलं. "प्रार्थनेला हजर होतात. चार वेळा हजर होतात. येत जा सायकलने. खोलीचं राहू द्या." मग जीपच्या चालकाला म्हणाले, "ही गाडी तिकडे लावा. तो ओटा बाईंचा आहे."

तपासणी संपून दुपारी शाळा सुटल्यावर मी घरी न जाता थेट आईच्या मिलकडे निघाले. गुडघा ठणकत होता, हँडल तिरपं झालं होतं, म्हणजे सरळ जायला थोडं उजवीकडे धरावं लागत होतं. तीनला पाळी सुटली. फाटकातून बायकांचा लोंढा बाहेर आला. मी पानाच्या दुकानाच्या पायरीवर पाय टेकून सायकलवरच बसून राहिले, खाली उतरले तर आई मला गर्दीत दिसणार नाही म्हणून. शेजारीण आधी आली. हळूच म्हणाली, "तुज्या आईनं मुकादमाला सांगितलं ग, म्हैनाअखेर काम सोडते म्हणून. सगळं खातं रडलं बघ."

मागून आई आली. एका दिवसात वाकल्यासारखी दिसत होती. तिने माझी फाटलेली साडी पाहिली, गुडघा पाहिला, आणि मग तोंडाकडे पाहिलं. मी हसून होकाराची मान डोलावली.

तिने तिरपं झालेलं हँडल धरलं आणि मागे वळली. खात्यातल्या पंधरावीस जणी घोळका करून थांबल्या होत्या. घरात वरच्या आवाजात न बोलणारी माझी आई त्यांना ओरडून म्हणाली, "मी कुटं जाईत न्हाय! मुकादमाला सांगा!"

"का ग? काय झालं?"

"ही माजी लेक हाय. सायकलवर जातीया शाळंला."

मागून कुणीतरी हसत विचारलं, "येती का तिला नीट?"

"न्हाय येत," आई म्हणाली. "रोज पडती. तरी आट मैल जाती!"