सगळ्यांत आधी होमगार्ड बोलेल

ते प्रकरण आठवलं की आजही मी खुर्चीत सरळ होऊन बसतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. हैदराबादेत काचीगुड्याच्या बाजूच्या एका ठाण्यात मी इन्स्पेक्टर, तिकडच्या बोलीत सीआय, होतो. बिदरकडच्या लहान गावात शिकून घरातला पहिला पदवीधर झालेला मी माणूस. शिकलेल्याने सांगावं आणि बाकीच्यांनी ऐकावं, अशी माझी पक्की समजूत होती.

सकाळी आठच्या सुमारास नांदेडकडची एक तरुण बाई ठाण्यात आली. पाच महिन्यांच्या मुलीला हृदयाच्या तपासणीसाठी तिने हैदराबादला आणलं होतं. रेल्वे स्टेशनबाहेर गोड बोलून ओळख काढलेल्या एका बाईच्या मांडीवर मूल ठेवून ती पाणी आणायला गेली. परत आली तर बाई नाही, मूल नाही. मी मराठी बोलतोय हे कळताच तिने माझा हात धरला.

"दादा, तिला दिवसातून दोनदा औषध लागतं हो. सकाळचं द्यायचं राहिलंय."

अर्ध्या तासात एका रिक्षावाल्याने खबर दिली. बाळ घेतलेल्या बाईला त्याने विद्यानगरच्या एका घरापाशी सोडलं होतं. मी पाच जणांना गोळा केलं आणि जीपच्या बॉनेटवर हात आपटून दोन मिनिटांत सूचना दिल्या. दोघे पुढच्या दाराला, दोघे मागे, होमगार्ड बाई गल्लीच्या तोंडाशी. बाळ घेतलेली बाई दिसली की थांबवायची.

"समझे?"

"हौ साब!" सगळे एका सुरात म्हणाले. तीस वर्षं मी याच 'हौ साब'वर निघत आलो होतो.

घरात बाईचा भाऊ सापडला. बाई आणि बाळ मात्र नाही. मागचं दार उघडं होतं. भावाला ठाण्यात आणून तासभर विचारपूस केली. त्याचं एकच पालुपद: "मेरेकू नै मालूम साब."

तेवढ्यात एसीपी मॅडम आल्या. वयाने माझ्या लेकीएवढ्या. मागे ठेवलेल्या हवालदारावर चाललेला माझा आरडाओरडा त्यांनी ऐकला आणि तेलुगूतल्या अदबीने म्हणाल्या, "सीआय गारू, दहा मिनिटं सगळ्यांना आत बसवा. सगळ्यांत आधी होमगार्ड बोलेल. शेवटी तुम्ही. कोण चुकलं ते सांगायचं नाही, काय दिसलं ते सांगायचं."

बाळाचा जीव टांगणीला आणि ह्या बैठक घेतायत, या विचाराने माझं डोकं तापलं. पण हुकूम तो हुकूम.

होमगार्ड बाई खुर्चीच्या कडेवर बसली. "मेरेकू क्या पूछते मॅडम, मैं तो गल्ली के मुंह पे खडी थी."

"तिथून कोण गेलं?"

ती खाली मान घालून म्हणाली, "एक बाई गेली. छातीशी कपड्यांचं गाठोडं होतं. साहेब म्हणाले होते, बाळ घेतलेली बाई थांबवा. हिच्याकडे धुणं होतं. मीच बाजूला होऊन वाट दिली तिला."

मॅडमनी शांतपणे विचारलं, "गाठोडं कसं होतं?"

"निळी चादर. कोपऱ्यावर धोब्याची खूण होती. तीन ठिपके आणि आडवी रेघ. माझी सासू धुणं घेते मॅडम. ती खूण इथल्या हिमायतनगरच्या मुलींच्या हॉस्टेलची आहे."

मी थक्क झालो. तासभर जे शोधत होतो, ते या होमगार्डच्या रूपाने माझ्याच ठाण्याच्या पोर्चमध्ये पाण्याचा ग्लास घेऊन उभं होतं.

मग हवालदाराची पाळी आली. "साब 'पीछे' बोले. पीछे दो गल्लियां हैं. मैं दूसरी में खडा था."

"पूछा कायकू नै?" मी ओरडलोच.

"सब हौ बोले साब, मैं भी हौ बोल दिया."

शेवटी माझी पाळी. "चूक माझी," एवढंच म्हणालो.

मॅडमनी भावाला एकच प्रश्न विचारला: "हॉस्टेलच्या मागच्या दाराची किल्ली कुणाकडे असते?" बहीण तिथे स्वयंपाक करते आणि मूल नसलेल्या एका नातेवाइकाला दुपारी बाळ द्यायचं ठरलंय, हे त्याने सांगून टाकलं.

निघण्यापूर्वी मॅडमनी फळ्यावर हॉस्टेल काढलं. 'समजलं का?' असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. "तू कुठे उभा? ती दुसऱ्या दाराने आली तर काय करशील? हातात बाळ नसलं तर?" असं प्रत्येकाकडून त्याच्याच भाषेत वदवून घेतलं. हवालदाराने दोन शंका काढल्या. त्यांतल्या एकीमुळे आमचं एक माणूस गच्चीच्या जिन्यावर गेलं, आणि स्वयंपाकीण त्याच जिन्यावर हाती लागली. बाळ कोठीत तांदळाच्या पोत्यांमध्ये निजलं होतं. दुपारी एकच्या आत इस्पितळात त्याच्या पोटात औषध गेलं.

मला वाटलं, संपलं. संध्याकाळी मॅडमनी पुन्हा सगळ्यांना बसवलं. यश मिळाल्यावरही बैठक! पुन्हा होमगार्ड पहिली. या वेळी ती खुर्चीत नीट बसली होती.

"मॅडम, एक सांगू? त्या आईला सकाळपासून बाळ सापडेपर्यंत कुणीच काही सांगितलं नाही. मी चारदा तिच्यासमोरून गेले. दर वेळी ती माझ्या तोंडाकडे बघायची. तुम्हीसुद्धा तिच्यासमोरूनच गेलात."

रोजंदारीवरची होमगार्ड एसीपीला हे सांगत होती. मॅडमनी ते वहीत लिहिलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. सीआय गारू, मला मराठी येत नाही. माफी मागायला चला माझ्याबरोबर."

लोक सांगत नाहीत, ही माझी नोकरीभरची तक्रार होती. आपण विचारतो कसं आणि कुणाला आधी विचारतो, यावर ते ठरतं, हे मला छप्पन्नाव्या वर्षी, माझ्या लेकीच्या वयाच्या अधिकाऱ्याने शिकवलं. मी मॅडमचा कायमचा ऋणी आहे.

इस्पितळात त्या आईसमोर आम्ही तिघं उभे राहिलो. मॅडम तेलुगूत बोलल्या आणि मी मराठीत सांगितलं: "बाई, बाळ सापडेपर्यंत तुम्हाला आम्ही अंधारात ठेवलं. आमचं चुकलं." ती गोंधळून उठू लागली. होमगार्ड बाईने तिला खांद्याला धरून पुन्हा खाली बसवलं. वर्दी अंगावर असताना मी मागितलेली ती पहिली माफी.