पुरुषोत्तमभाऊजींचा गच्चीवरचा समुद्र

आमचे पुरुषोत्तमभाऊजी, म्हणजे माझे मधले दीर, सिमेंटच्या प्रयोगशाळेत ठोकळे फोडायचे. किती वजनाला फुटतो ते पाहिलं की मोकळे. त्र्याण्णव साली धाकटा नरसिंह गेला आणि त्यांचं ते मोकळं होणं संपलं.

नरसिंह पाणबुड्या होता. कारवारकडच्या एका बंदरात धक्क्याचे ठोकळे पाण्याखाली बसवायचा. एका सकाळी खाली गेला तो वर आलाच नाही. देहही सापडला नाही. आदल्या रविवारी फोनवर भाऊजींना म्हणाला होता, "अण्णा, तुझ्या सिमेंटवर शेवाळसुद्धा धरत नाही बघ. खाली नुसतं पांढरं. स्मशानात हिंडल्यासारखं वाटतं." भाऊजी तेव्हा हसले होते.

नंतर तेच बोलणं त्यांच्या घशाखाली घास उतरू देईना. सिमेंटातला चुना पाण्यात सुटतो, कोवळ्या जिवांना भाजतो, म्हणायचे. म्हणून त्यांनी सिमेंट कमी करून वीजकेंद्रातली कोळशाची राख घातली, शिंपल्यांचा चुरा घातला, ठोकळा मुद्दाम खडबडीत ठेवला. बेंगळूरला जे. पी. नगरच्या आमच्या गच्चीवर, माझ्या तुळशीशेजारी मोठा टब आला. त्यात कॅन भरभरून आणलेलं समुद्राचं पाणी, शिंपल्यातली जिवंत कालवं आणि त्यांची पिल्लं धरावीत म्हणून तो ठोकळा. हवेचा पंप दिवसभर गुडगुडायचा. प्रदक्षिणा घालताना वाटायचं, पाण्याखाली कुणी श्वास घेतंय. माझं नाम चुकायचं.

प्रयोगशाळेतले साहेब त्यांना म्हणाले होते, "बेंगळूरात समुद्र करतोस होय रे? दसऱ्यापर्यंत काही धरलं तर त्या धक्क्यापाशी तुझा ठोकळा टाकू. नाहीतर हा खेळ बंद."

काही धरेना. कालवं मरायची, भाऊजी नवी आणायचे, तीही मरायची.

"वहिनी, माझ्या हातालाच मरण लागलंय," ते एकदा म्हणाले. मी मारुतीचा अंगारा लावला. दुसरं काय करणार?

सासूबाईंनी, कस्तुराबाईंनी, नरसिंहाचं काहीच करू दिलं नव्हतं. देह नसला की पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी देतात. ते सांगायला आलेल्या गुरुजींना त्यांनी दारातूनच परत पाठवलं. "पोरगं वाट चुकलंय माझं. मेलं नाही."

एका एकादशीला दुपारी मी वाळवण उचलायला वर गेले, मागोमाग भाऊजी. सासूबाई टबावर वाकल्या होत्या. हातात देवघरातला तांब्याचा गडू, रात्री भरून ठेवलेला.

"पी रे नरशा. खाऱ्या पाण्यानं तहान भागते होय?"

"आई! रोज घालतेस?"

"रोजच. तुम्ही जेवून आडवे होता तेव्हा. स्वल्पच घालते रे."

भाऊजींनी गडू हातात घेऊन पाहिला. जहाजांच्या बुडाला काही चिकटू नये म्हणून जे विष फासतात, ते तांब्याचंच असतं. आता ओरडतील, असं मला वाटलं. पण ते हळूच म्हणाले, "आई, तांब्याचं पाणी ह्यांना बाधतं. त्यानंच मरतायत."

"मग माझ्या पोराला कशातून देऊ? मातीच्या मडक्यातून? मडकं मेलेल्याचं असतं!"

भाऊजींनी गडू परत त्यांच्या हातात दिला. पाणी बदललं आणि खाली गेले.

दुसऱ्या दिवशी गडू देवघरात पालथा होता. सासूबाई दुपारी वर जायच्या, पण रिकाम्या हातांनी.

नवरात्रात ठोकळ्यावर तीळ सांडल्यासारखे ठिपके दिसले. सासूबाईंनी बोट फिरवून पाहिलं. खरखरीत लागलं. "घट्ट धरून बसलंय," म्हणाल्या आणि पदर तोंडात कोंबला.

डिसेंबरात होडीतून ठोकळा धक्क्यापाशी उतरवला. साखळी सुटल्यावर मी पिशवीतला गडू पुढे केला. सासूबाईंनी माझा हात मागे सारला.

"नको ग. पोरांना बाधेल." मग भाऊजींकडे न बघताच विचारलं, "तीळ आणलेत?"

मी गुपचूप आणलेच होते.

"सोड पुरशा. ओंजळीनं सोड."

भाऊजींनी ओंजळीत तीळ घेतले. सासूबाईंनी खालून आपला हात धरला.

टब, पंप केव्हाच गेले. तुळशीपाशी अजून ते गुडगुडणं कानी येतं. आता नाम चुकत नाही. मीच थांबते, ऐकते, मग पुढचं पाऊल टाकते.