देवपूरच्या बंद खोलीतली पाहणी

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, गेली चौदा वर्षं. स्लाइडवर दिसलं तर आहे, नाही दिसलं तर नाही... असा माझा स्वभावच होऊन गेलाय. घरात कुणी उतारा, नजर, अमावास्या असं काही काढलं की मी उठून भांडी घासायला लागते. या सदरातले अनुभवही मी आजवर जेवणानंतरची करमणूक म्हणूनच वाचले. स्वतः काही लिहीन असं वाटलं नव्हतं. दोन वर्षं मनात ठेवलं, आता आईने 'लिही' म्हटलं म्हणून लिहितेय. (मी तिला मायच म्हणते, इथे आई लिहिते.)

आम्ही मूळ धुळ्याचे. वडील तेलाच्या मिलमध्ये होते. मी कॉलेजात असताना ते गेले. स्वतःचं घर कधीच नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून आईने नऊ खोल्या बदलल्या. कुठे मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं, कुठे पाण्यावरून वाद झाला, कुठे नुसतंच "बघा आता दुसरीकडे". शेवटची खोली देवपुरात होती. पुढे पत्र्याची पडवी, शहाबादी फरशीचा ओटा आणि समोर एका म्हाताऱ्या आबांचं इस्त्रीचं टेबल. तिथे आई अकरा वर्षं राहिली, सगळ्यात जास्त. मी नोकरीसाठी जळगावला, ती धुळ्यात एकटी.

त्या खोलीत असतानाच तिने घरकुलासाठी अर्ज केला. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, कुठेही पक्कं घर नाही असं प्रतिज्ञापत्र, सगळी धावपळ मी रजा टाकून, धुळ्याला जाऊन केली. पोचपावती आईने प्लास्टिकच्या पिशवीत घालून देवाच्या फोटोमागे ठेवली. मग वर्ष गेलं, दीड वर्ष गेलं. दिवाळीनंतर मालकाने ती जागाच विकली. चारही भाडेकरूंना निघावं लागलं. मी आईला जळगावला माझ्याकडे पिंप्राळ्याच्या खोलीवर घेऊन आले.

इथे माझी एक चूक कबूल करते. पत्ता बदलल्याचं मी घरकुल विभागाला कळवलं नाही. मुद्दामच नाही कळवलं. धुळ्यात राहत नाही म्हटल्यावर अर्ज बाद होईल, ही भीती. 'बघू पुढे' म्हणत मी दिवस ढकलत राहिले. आई मात्र रोज विचारायची, "धुयानं काही समजनं का?" जळगावात तिचा जीव रमत नव्हता. चाळीस वर्षं एका गावात काढलेली बाई, तिला इथे भाजीवालीशीसुद्धा बोलावंसं वाटत नव्हतं.

एप्रिलमधली गोष्ट. माझी अक्कलदाढ काढली होती म्हणून मी बुधवारी घरी होते. गाल सुजलेला, तोंडात कापूस. बाहेर आपलं खान्देशातलं ऊन... रस्त्यावर कुत्रंही नाही. आई जेवून खाटेवर आडवी झाली. मी खाली सतरंजीवर मोबाईल बघत पडले होते. अडीच-पावणेतीन झाले असतील. आई झोपेत बोलली, अगदी स्पष्ट —

"बसा भाऊ. पानी ल्या."

मी वर बघितलं. डोळे मिटलेले, श्वास संथ. मग बराच वेळ ती पुटपुटत होती, मध्येच थांबून, जसं कुणी विचारतंय आणि ही उत्तर देतेय. शब्द कळत नव्हते. एकदा तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी उशीवर उतरलं. मी उठवणार होते, पण तिला दुपारची झोप क्वचित लागते म्हणून राहू दिलं.

चारच्या सुमारास ती उठली आणि म्हणाली, "त्या भाऊ गयात का?"

"कोण भाऊ?"

"कागद भराले ऊनथात ना. अंगठाले पट्टी व्हती त्यासना. मी बठ्ठं सांगं त्यासले."

"कुणाला सगळं सांगितलंस, माय? कुणी आलं नाही. मी इथेच आहे सकाळपासून."

तिने दाराकडे पाहिलं, मग माझ्या सुजलेल्या गालाकडे. "आसं का," म्हणाली आणि चहा ठेवायला उठली. स्वप्न पडलं असेल, विषय संपला.

तीन आठवड्यांनी धुळ्याहून जुन्या शेजारणीचा फोन आला. घरकुलाची घरोघर पाहणी सुरू आहे, घर बंद दिसलं तर अर्ज बाद करतात म्हणे. फोन ठेवला. आईला काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकून सकाळची एसटी पकडली. एरंडोल, पारोळा... सगळा रस्ता एकच वाक्य घोकत होते, 'साहेब, चूक माझी आहे, आईची नाही.'

घरकुल विभागात खिडकीजवळच्या टेबलावर पाहणीचं काम बघणारे निकुंभ साहेब होते. पन्नाशीचे, बारीक, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. मी पत्ता बदलाचा अर्ज पुढे केला. त्यांनी आईचं नाव वाचलं आणि मान हलवली.

"हे कशाला? यांची पाहणी झालीय. मी स्वतः गेलो होतो."

"कुठे?"

"देवपूरला. दिलेल्या पत्त्यावर. भेटल्या ना तुमच्या आई."

मला वाटलं दुसऱ्या कुणाशी गल्लत होतेय. म्हटलं, "साहेब, दिवाळीपासून ती जळगावला माझ्याजवळ आहे. ती खोली बंद आहे."

ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. फायलींच्या गठ्ठ्यातून एक फॉर्म काढला. "फक्त फोटो राहिला होता. माझा मोबाईल बंद पडला होता त्या दिवशी, म्हणून वर पाठवलेला नाही. हे बघा."

फॉर्म धरलेल्या हाताच्या अंगठ्याचं नख अर्धं काळं पडलेलं होतं. मी ते बघितलं... आणि मग तारीख बघितली. माझ्या दाढेचा बुधवार. वेळ, दुपारी पावणेतीन.

आईचं वय, वडिलांच्या मृत्यूचं साल, किती खोल्या बदलल्या — नऊ. सगळं बरोबर. तरी मी स्वतःला समजावत होते की यातलं बरंच मूळ अर्जातही असेल. मग एका रकान्यावर नजर थांबली.

अपत्ये — दोन. हयात — एक.

"साहेब, हे चुकलंय. मी एकुलती एक आहे."

निकुंभ साहेबांनी रकाना पुन्हा वाचला. आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, त्यांनीच सांगितलं. पहिला मुलगा होता, नवव्या दिवशी गेला. मालकिणीच्या सुनेला दिवस होते, अपशकुन नको म्हणून त्याच आठवड्यात यांना खोली सोडायला लावली. मी विचारलं होतं, घर कशासाठी हवं? त्यावर हे सांगितलं."

मला बसायला स्टूल हवं होतं. त्यांनीच पुढे सरकवलं.

थोड्या वेळाने ते म्हणाले, "चला. फोटो काढायचाच आहे, बघून येऊ." त्यांच्या मोटारसायकलवर मागे बसून मी देवपूरला गेले.

दाराला मालकाचं कुलूप होतं, गंजलेलं, साखळीवर कोळ्याचं जाळं. खिडकीची एक काच फुटलेली होती. साहेबांनी डोळ्यांवर हाताचा आडोसा करून आत पाहिलं, मग मला जागा दिली. रिकामी खोली. फरशीवर धुळीचा जाड थर, त्यावर एक पाऊल उमटलेलं नाही.

"तिथे बसल्या होत्या," ते बोट दाखवत म्हणाले. "भिंतीला टेकून. माठ या कोपऱ्यात होता. तांब्याने पाणी दिलं मला."

तिथे माठ असायचा हे खरं. त्याच कोपऱ्यात.

समोरचे इस्त्रीवाले आबा आमच्याकडे बघत होते. मला ओळखून त्यांनी आईची चौकशी केली. मग साहेबांना म्हणाले, "तुम्ही मागे येऊन गेलात ना साहेब? या ओट्यावर बसून लिहीत होते."

"मी आत होतो, आबा."

"आत कसे? कुलूप आहे ना. एकटेच होते तुम्ही, ओट्यावर. मधूनमधून मान हलवत होते. मला वाटलं, ऊन लागलं. हाक मारणार होतो, तेवढ्यात तुम्ही उठून गेले."

निकुंभ साहेब ओट्यावर बसले. रुमालाने चष्मा पुसला, पुन्हा पुसला. ऊन लागलं असेल, हे मलाही पटलं असतं. अजूनही मी तेच म्हणत राहते... पण ऊन लागलेल्या माणसाला माझ्या आईच्या पोटातली गोष्ट कशी कळेल, जी मला एकोणचाळीस वर्षांत कळली नव्हती?

शेवटी ते म्हणाले, "ताई, हा कागद मला वर पाठवता येणार नाही. बंद घराची पाहणी मी खरी म्हणून कशी लिहू?" मी मान हलवली. "तुम्ही आईंना खरंच धुळ्यात राहायला आणा. नवीन पत्ता द्या. मी पुन्हा येतो. तोवर फाइल माझ्या टेबलावर राहील." त्यांनी फॉर्मवर तिरकी रेघ मारून 'पुन्हा पाहणी' असं लिहिलं.

त्या संध्याकाळी जळगावला पोचले. आई पोळ्या लाटत होती. कसं विचारायचं ते सुचेना, म्हणून सरळच विचारलं, "माय, माझ्याआधी तुला मुलगा झाला होता?"

लाटणं थांबलं. तव्यावरची पोळी करपायला लागली, तेव्हा मी गॅस बंद केला. आईने पदराने हात पुसले. रडली नाही.

"कोनी इचारं नही," ती म्हणाली, "मी सांगं नही."

मग तिने सांगितलं. वडिलांनी त्या दिवसानंतर पुन्हा कधी विषय काढला नव्हता. आजोळी सगळ्यांना माहीत होतं, पण माझ्यासमोर बोलायचं नाही असं ठरलेलं होतं. सामान हातगाडीवर घालून दुसऱ्या खोलीवर गेले, तेव्हा तिच्या अंगावरचं ओलं बाळंतपण संपलं नव्हतं. मी ऐकत होते आणि तिच्या हातांकडे बघत होते. शेवटी मी देवपूरच्या खोलीबद्दलही सांगितलं. तिला नवल वाटलं नाही. माझ्यासारखी तिने कारणंही शोधली नाहीत.

"मानूस खोली सोडस तं बठ्ठा निंघी येस, आसं थोडंच शे?" एवढंच म्हणाली.

पुढच्या महिन्यात आईसाठी धुळ्यात भाड्याने एक खोली घेतली आणि नवा पत्ता कळवला. मी दर शनिवारी जात होते. अशाच एका शनिवारी सकाळीच निकुंभ साहेब आले, मीही होते. ते दारात चपला काढत होते, तोच आई आतून म्हणाली, "या भाऊ. अंगठा बरा झाला का?"

दोघांची याआधी भेट झालेली नव्हती. म्हणजे... मी तरी असंच म्हणते. साहेबांनी आपला अंगठा बघितला, आईकडे बघितलं आणि हळूच म्हणाले, "झाला अक्का. दारात चेंगरला होता." खाली बसून त्यांनी कोरा फॉर्म काढला. नाव, वय, कधीपासून राहता, सगळं नव्याने विचारलं. अपत्यांच्या रकान्याशी ते थांबले. आईच म्हणाली, "दोन लिहा."

त्यांनी दोन लिहिलं. यावेळी फोटोही काढला, आई दारात उभी असलेला.

यादीत नाव यायला पुढे आणखी आठ महिने लागले. तळमजल्यावरचं घर मिळालं, एक खोली, स्वयंपाकघर आणि मागे कपडे वाळत घालण्यापुरती जागा. चावी घेताना निकुंभ साहेब भेटले. म्हणाले, "त्या दिवसापासून मी 'घर बंद' असा शेरा एका फेरीत लिहीत नाही, दुसऱ्यांदा जाऊन येतो."

आमच्या लॅबच्या डॉक्टरांना मी सगळं सांगितलं होतं. त्यांनी झोपेबद्दल, उष्माघाताबद्दल, स्मरणशक्तीबद्दल बरंच समजावलं. एकेक तुकडा पटतो, सगळे मिळून पटत नाहीत. वाचकांपैकी कुणी उत्तर देऊ शकलं तर मला खरंच हवं आहे.

पण त्याहून जास्त मला दुसरी गोष्ट सलते. एवढी वर्षं मी तिच्या शेजारी झोपले, तिचं रक्त तपासलं, तिची साखर, तिचं हिमोग्लोबिन मला तोंडपाठ. आणि तिला दोन मुलं होती, हे मला एका सरकारी रकान्यातून कळलं.

नव्या घरात राहायला गेलो त्या दिवशी दुपारी, सामान लावून झाल्यावर मी तिला विचारलं, "माय, त्याचं नाव काय ठेवणार होतीस?"

तिने लगेच सांगितलं, जसं काही कालच ठरवलं होतं. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते आता आमच्या घरात असतं.