खरवडलेलं दगडफूल

माहेरी भाची काळ्या मसाल्यासाठी दगडफूल भाजतेय. तो वास आल्यापासून मला एका जागी बसवत नाही.

तळोद्यात बाबांचं मसाल्याचं दुकान होतं. मी नऊ वर्षांची असेन. याच घरामागच्या बागेतल्या काळ्या दगडावर राखाडी, झालरीच्या कडांचं दगडफूल होतं, दुकानातल्या पोत्यात असे अगदी तसंच. बाबांना मदत म्हणून मी ते विळ्यानं खरवडलं आणि ऐटीत त्यांच्या हातावर ठेवलं.

बाबा ओरडले नाहीत. त्यांनी त्यावर पाणी शिंपडलं, तसा तो राखाडी चुरा तळहातावरच हिरवा झाला.

“बेटा, हाई मसालानं फूल नई शे,” ते म्हणाले. “तुन्ही माय या दगडवर बसे. ती गई, मंग हाई उगनं.”

आई गेल्यापासूनच्या सहा वर्षांत ते जेमतेम रुपयाएवढं झालं होतं.

मी खरवडल्यापासून ती जागा कोरीच राहिली. आता बाबाही नाहीत. मी पुन्हा बागेत येते, ओलं बोट त्या जागेवर फिरवते. तिळाएवढा हिरवा ठिपका दिसतो.

भाची तारेचा ब्रश घेऊन मागे उभी. “आत्या, पाहुणा यी ऱ्हायनात. दगड घसी टाकू का?”

मी झटकन ठिपक्यावर हात ठेवते. आणि माझ्याच हाताखाली तो चुरडेल म्हणून तितक्याच घाईनं उचलते.